ओएच दिसला म्हणजे अल्कोहोलच का?

प्रश्न : मी बारावीत विज्ञान शाखेत शिकते. कार्बनी रेणूची रचना देऊन त्यातील क्रियात्मक गट (रेणूचे गुणधर्म ठरवणारा अणूंचा गट) ओळखायला सांगितले, की ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) दिसेल तिथे मी अल्कोहोल लिहिते आणि ऑक्सिजनचा दुहेरी बंध दिसेल तिथे कीटोन. बरीच उत्तरे चुकतात. नेमके काय पाहावे?
— एक विद्यार्थिनी, कुडाळ

उत्तर : ओएच ज्या कार्बनला जोडलेला आहे, तो कार्बन आधी पाहावा. त्याचे चारही बंध एकेरी असतील तर अल्कोहोल. तो बेंझिन वलयातला, म्हणजे सहा कार्बनच्या कड्यातला, असेल तर फिनॉल. आणि त्याच कार्बनला दुहेरी बंधाने दुसरा ऑक्सिजनही जोडलेला असेल, तर ते सगळे मिळून एकच कार्बोक्सिल गट होतो. त्याचे कीटोन आणि अल्कोहोल असे तुकडे पाडणे ही माझ्या मते सर्वांत नडणारी चूक आहे.

तुमच्या भागातलेच उदाहरण घेऊ. ओली काजूबी फोडताना टरफलातले जे तेल हाताला लागून कातडी सोलवटते, त्याचा मुख्य घटक अ‍ॅनाकार्डिक आम्ल हा आहे. त्याच्या बेंझिन वलयावर एक ओएच, त्याला लागून सीओओएच (म्हणजेच कार्बोक्सिल गट) आणि त्याच्या पलीकडे 15 कार्बनची लांब शृंखला असते. या शृंखलेत कधी एकही दुहेरी बंध नसतो, तर कधी एक ते तीन असतात. म्हणजे ओएच दोनदा दिसूनही या रेणूत अल्कोहोल एकही नाही : पहिला ओएच फिनॉलचा, दुसरा कार्बोक्सिलचा.

प्रयोगशाळेत हाच भेद सॅलिसिलिक आम्लावर पाहता येतो, कारण त्यातही हे दोन्ही गट शेजारी शेजारी आहेत. (काजूचे तेल प्रयोगासाठी कृपया हाताळू नये.) सोडिअम बायकार्बोनेटच्या द्रावणात ते टाकताच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, ते कार्बोक्सिलमुळे, फेरिक क्लोराइडने जांभळा रंग येतो, तो फिनॉलमुळे. ब्रोमीन जलाचा (पाण्यातील ब्रोमीनचा) रंग गेला म्हणून कार्बन-कार्बन दुहेरी बंध आहेच, असे मात्र लगेच लिहू नये, कारण फिनॉलही तो रंग घालवतो.

टरफलाचे तेल तापवले, की अ‍ॅनाकार्डिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डॅनॉल उरते. त्यात वलयावरचा ओएच आणि शृंखला कायम असतात, कार्बोक्सिल मात्र गेलेला असतो. म्हणून कार्डॅनॉलच्या रचनेपुढे फिनॉल लिहावे, कार्बोक्सिलिक आम्ल लिहू नये.