वर्गाच्या वेबसाइटसाठी फोटो आणि चित्रं कशी तयार करावीत? त्यासाठी फोटोशॉप विकत घ्यावं का?

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुम्ही बडोद्यातल्या मराठी शाळेत पाचवीला शिकवता. एका माजी विद्यार्थ्याने वर्गासाठी साधी वेबसाइट बांधून दिली आहे. तिच्यावर टाकलेले फोटो उघडायला फार वेळ लागतो, मुलांनी काढलेली चित्रं पिवळट आणि मळकी दिसतात आणि चित्रावर मराठी लिहायला गेलं की जोडाक्षरं फुटतात. या सगळ्यासाठी फोटोशॉप घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

नका घेऊ. मी रावपुऱ्यात छपाई आणि डिझाइनचं काम करतो, माझं पोटच त्या सॉफ्टवेअरवर चालतं, तरी सांगतो की वर्गाच्या वेबसाइटला त्याची गरज नाही. जिम्प हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि तुमच्या कामाला पुरून उरेल. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर फोटोपिया ब्राउझरमध्येच उघडतं आणि दिसायला फोटोशॉपसारखंच आहे. पण तुमच्या अडचणींपैकी निम्म्या सॉफ्टवेअर उघडण्याआधीच्या आहेत.

आधी फोटो हळू उघडण्याचं बघू. साध्या फोनचा 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा असतो, म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके. तुमच्या पानावर मजकुराची पट्टी फार तर 1200 पिक्सेल रुंद असेल. तेवढ्या रुंदीला 1200 बाय 900 चा फोटो पुरतो, म्हणजे 10 लाख 80 हजार ठिपके, मूळच्या साधारण अकराव्या हिश्शाइतके. तुम्ही मोठा फोटो तसाच चढवता, तेव्हा ब्राउझर तो लहान करून दाखवतो खरा, पण आधी सगळा उतरवून घेतो. एक पेला पाणी हवं म्हणून टँकर बोलवावा तसं ते होतं. सहलीचे 20 फोटो प्रत्येकी 4 एमबीचे असले तर पालकाच्या फोनवर 80 एमबी उतरतात. तेच फोटो 1200 रुंदीचे करून नीट साठवले की एकेक 150 ते 200 केबीवर येतो आणि सगळे मिळून 4 एमबीच्या आत बसतात.

जिम्पमध्ये यासाठी 'इमेज' मेनूत 'स्केल इमेज' आहे. रुंदी 1200 घाला, उंची आपोआप बदलते (दोन आकड्यांमधली साखळीची खूण जोडलेली असू द्या, नाहीतर मुलं लांबुळकी दिसतील). मग 'फाइल' मेनूतून 'एक्सपोर्ट अ‍ॅज' करून जेपेग हा फोटोंचा नेहमीचा फाइल प्रकार निवडा आणि क्वालिटी 75 ते 80 ठेवा. 100 वर ठेवल्याने डोळ्याला फरक दिसत नाही, फाइल मात्र फुगते. हे पटत नसेल तर स्क्वूश नावाचं गूगलचं पान उघडून बघा. त्यात एकाच फोटोचे दोन अवतार शेजारी दिसतात, मधली रेघ सरकवून तुलना करता येते आणि खाली फाइलचं वजन दिसतं. फोटो तुमच्याच ब्राउझरमध्ये लहान होतो, कुठे पाठवला जात नाही. मुलांच्या फोटोंच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे.

'वेबसाठी 72 डीपीआय ठेवा' असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. डीपीआय हा आमच्या छपाईवाल्यांचा हिशोब आहे, कागदाच्या एका इंचात किती ठिपके बसवायचे याचा. पडद्यावर फक्त एकूण पिक्सेल मोजायचे. 1200 पिक्सेलचा फोटो 72 डीपीआयचा असो की 300 चा, वेबसाइटवर तो हुबेहूब सारखाच दिसतो.

जेपेग दरवेळी साठवताना थोडी माहिती टाकून देतं. ते चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले बारकावे गाळतं. फोटोत ते कळत नाही, पण पांढऱ्यावर काळी रेघ असेल, उदाहरणार्थ फुलाच्या भागांची आकृती किंवा फळ्यावरचं गणित, तर रेघेच्या कडेला डाग-डाग दिसतात. अशा आकृत्या पीएनजी या दुसऱ्या फाइल प्रकारात ठेवा, त्यात काही गळत नाही. आणि मूळ फोटोला हात लावायचा नाही. त्याची प्रत काढून तिच्यावर काम करायचं. काम अर्धवट असेल तर जिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये साठवा आणि जेपेग अगदी शेवटी, एकदाच काढा.

आता मुलांची चित्रं. मला यात खरा रस आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चित्र पिवळं दिसतं ते वर्गातल्या दिव्यांमुळे, आणि एक कोपरा काळवंडतो तो तुमच्याच सावलीमुळे. कागद गॅलरीत किंवा खिडकीजवळ सावलीत जमिनीवर ठेवा. थेट ऊन नको आणि फ्लॅश तर नकोच, कारण तेलखडूचा थर चमकतो आणि पांढरे चट्टे उमटतात. फोन कागदाला समांतर धरा. अगदी जवळ जाऊन टिपण्यापेक्षा थोडं मागे सरकून दुप्पट झूम करा. जवळून काढलं की कागदाच्या कडा फुगल्यासारख्या वाकड्या येतात.

समजा एका मुलीने विश्वामित्री नदीतली मगर काढली आहे. हिरवी मगर, निळं पाणी आणि वर फिकट पिवळा सूर्य. जिम्पमध्ये फोटो उघडून 'कलर्स' मेनूत 'लेव्हल्स' घ्या. तिथे डोंगरासारखा एक आलेख दिसेल. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, आणि ज्या छटेचे ठिपके जास्त तिथे डोंगर उंच. उजवीकडचा सगळ्यांत मोठा उंचवटा म्हणजे तुमचा कोरा कागद. तो 255 पाशी, म्हणजे शुद्ध पांढऱ्यापाशी असायला हवा, पण उजेड कमी असल्यामुळे तो 180-190 च्या आसपास अडकलेला असतो. कागद मळका दिसण्याचं कारण एवढंच. आलेखाखालचा उजवा त्रिकोण धरून त्या उंचवट्याच्या उजव्या पायथ्यापर्यंत ओढा. कागद उजळतो आणि रंग खुलतात. पिवळी झाक तरीही राहिली तर तिथेच पांढऱ्या बिंदूसाठी एक ड्रॉपर आहे, तो घेऊन कागदाच्या कोऱ्या जागी क्लिक करा. लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग त्या जागी पांढऱ्यावर येतात आणि झाक जाते.

त्रिकोण ओढताना नजर मगरीवर ठेवू नका, सूर्यावर ठेवा. फिकट पिवळा हा कागदाच्या सगळ्यांत जवळचा रंग. जरा जास्त ओढलंत की सूर्य पहिला नाहीसा होतो, आणि मुलीला मात्र दुसऱ्या दिवशी बरोबर कळतं की आपला सूर्य कुठे गेला. म्हणून सूर्य पुसट व्हायला लागला की थोडं मागे यायचं. कागद अगदी दुधासारखा पांढरा नाही झाला तरी चालतो. त्याचा थोडा खरखरीतपणा दिसला तर उलट चित्र कागदावरचं वाटतं. पेन्सिलीचं चित्र असेल तर मधला त्रिकोणही किंचित उजवीकडे न्या, म्हणजे रेघा गडद होतात. त्यापुढे काही करू नका. खोडलेल्या रेघा साफ करणं, मगरीचे दात सारखे करणं, मागे आकाशाचा तयार रंग भरणं, हे सगळं मला अजिबात पटत नाही. मग ते चित्र मुलीचं राहत नाही.

खालच्या कोपऱ्यात पूर्ण नाव, इयत्ता आणि शाळा लिहिलेली असेल तर मात्र तेवढी पट्टी कापा. पहिलं नाव पुरे. मुलांच्या चेहऱ्यांबाबत याहून जास्त जपा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे आणि मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, असं म्हटलंय. शाळेने वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी संमती घेतलेली बरी. माझं मत विचाराल तर वर्गाच्या वेबसाइटला चेहरे लागतच नाहीत. काम करणारे हात, पाठमोरी रांग, टेबलावर वाळत ठेवलेली मातीची खेळणी यांतून वर्ग जास्त चांगला दिसतो. चेहरा झाकायचाच असेल तर हलका धूसर करून भागत नाही, फोटो कापूनच टाका. आणखी एक, फोनच्या फोटोत तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. जिम्पमध्ये एक्सपोर्ट करताना एक्झिफची (फोटोसोबत साठवलेल्या या लपलेल्या माहितीची) खूण काढली की ते जातात.

मराठी अक्षरांचं बघू. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं फुटतात कारण त्यांची मजकूर मांडणारी यंत्रणा बऱ्याचदा युरोपीय आणि पूर्व आशियाई लिपींसाठी लावलेली असते. ती सेटिंग्जमध्ये बदलता येते. जिम्पमध्ये हा त्रास सहसा होत नाही. दुसरं कारण जुने फॉन्ट. इथल्या बऱ्याच छापखान्यांत अजून युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच ओळखली जावीत म्हणून ठरवलेल्या पद्धतीच्या) आधीचे फॉन्ट चालतात, त्यांतला मजकूर तुमच्याकडे आला की अगम्य खुणाच दिसतात. तो सरळ नव्याने टाइप करा. फॉन्ट निवडताना एक छोटी परीक्षा घ्या, 'विठ्ठलाच्या पुऱ्या, शाळेतले विद्यार्थी, ज्ञान' एवढं लिहून बघा. 'पुऱ्या'तला अर्धा र नीट आला आणि ल-श आपल्या वळणाचे आले की फॉन्ट पास. बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे असतात. पाचवीच्या मुलांना वहीत एक वळण आणि वेबसाइटवर दुसरं दाखवू नये. तिरो देवनागरी मराठी हा फुकटचा फॉन्ट याच वळणांसाठी चांगला आहे. पानावर गुजरातीही लागत असेल, आणि बडोद्यात ती लागणारच, तर देवनागरीला मुक्ता आणि गुजरातीला मुक्ता वाणी घ्या. दोन्ही एकाच कुटुंबातले आहेत, शेजारी शोभतात.

पण सूचना चित्रात लिहू नका. 'शनिवारी शाळा सकाळची' हे रंगीत चौकटीत बसवून चित्र म्हणून टाकलं तर ते शोधता येत नाही, फोनवर वाचता येत नाही आणि दृष्टिहीन पालकाच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यात शब्दच सापडत नाहीत. मजकूर मजकूर म्हणूनच ठेवा. प्रत्येक चित्राला ऑल्ट टेक्स्टही, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचायचं चित्राचं वर्णनही द्या, आणि तिथे 'चित्र 1' नको. 'तेलखडूने काढलेली हिरवी मगर, वर फिकट पिवळा सूर्य' असं लिहा. वर्गातल्या मुलांनाच हे लिहायला लावा, वर्णनलेखनाचा गृहपाठही होऊन जाईल.

तयार चित्रं इंटरनेटवरून उचलण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते होतंच. वर्गात शिकवण्यासाठी चित्र वापरायला 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे, ती जगाला उघड्या असलेल्या वेबसाइटपर्यंत ताणू नका. आपल्याकडे चित्राचा हक्क चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षं राहतो. राजा रविवर्मा 1906 साली गेले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. बडोद्याच्या कीर्ती मंदिरातली भित्तिचित्रं मात्र नंदलाल बोसांची. ते 1966 साली गेले, म्हणजे तो हक्क 2026 संपेपर्यंत आहे. सुरसागरातला महादेव, मांडवी, न्यायमंदिर यांचे फोटो तुम्ही स्वतः काढून टाकले तर हरकत नाही, कारण सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या मूर्ती आणि इमारतींना कायद्यात वेगळी सूट आहे. ती भित्तिचित्रांना लागू होत नाही. विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रांच्या संग्रहातून काही घेतलंत तर खालची परवान्याची ओळ वाचा; बऱ्याच ठिकाणी फोटो काढणाऱ्याचं नाव द्यावं लागतं.

फाइलींची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. देवनागरी नाव चालतं, पण पत्त्यात त्याची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली लांबलचक माळ होते आणि ती दुवा म्हणून पाठवताना मध्येच तुटते. आणि पालक तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवत असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा असं सांगा. नुसता फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो आधीच दाबून लहान करतं, आणि मग लेव्हल्समध्ये उजळताना ते 8 बाय 8 चे चौकोन कागदावर उघडे पडतात.