यू कोड आला म्हणून लगेच ईसीएम बदलू नको

भावा, गाडीला लावलेल्या स्कॅनरवर यू०१०० (गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं तुटल्याचा कोड) दिसला की नवीन पोरं थेट ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मेला म्हणून मोकळी होतात, पण त्याचा अर्थ एवढाच की बाकीच्या मॉड्यूलना, म्हणजे गाडीतल्या इतर कॉम्प्युटरांना, ईसीएमचा आवाज येईना, का येईना ते आपल्यालाच शोधायचंय. आधी बॅटरी बघ, व्होल्टेज पडलं तरी असले कोड येतात. मग स्कॅनरवर कोण कोण बोलतंय ते बघ, एकटाच गप्प असेल तर पहिल्यांदा त्याचा फ्यूज आणि अर्थिंग.

सगळेच गप्प असतील तर मीटर घे. बॅटरीची निगेटिव्ह काढ, जरा थांब, आणि स्कॅनर लावतो त्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबर पिनांत ओहम मोज. बहुतेक गाड्यांत ६० च्या आसपास येतं, कारण मॉड्यूल ज्या दोन वायरींवरून बोलतात त्या कॅन लाईनच्या दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात. १२० आलं तर कुठंतरी वायर तुटलीय नाहीतर एक टोक सुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात, मग एकेक मॉड्यूलचा कपलर (वायरींचा प्लग) काढत जा आणि मीटरवर नजर ठेव. गेटवेवाल्या गाडीत (सॉकेट आणि कॅन लाईनच्या मधे एक वेगळं मॉड्यूल असतं तिथं) मात्र डायग्राम बघूनच हात घाल.

२०१९ च्या पुरानंतर सांगलीत आमच्याकडं एक गाडी आलेली, ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं तर कपलर बाहेरून चकाचक आणि आत एक पिन हिरवी पडून पार भुगा. म्हणून सांगतो, कपलर नुसता हलवून सोडू नको रे, उघडून उजेडात पिना बघ. आणि बल्बवाला टेस्ट लॅम्प कॅनच्या वायरीला अजिबात लावायचा नाही.