आयसीवर आळ कशाला?

प्रश्न : काका, मी बारावीला आहे. टीडीए२०३० आयसीचा (आवाज मोठा करणाऱ्या चिपचा) मोनो, म्हणजे एका स्पीकरचा, अँप्लिफायर किट आणून जोडला. सप्लायला १२-०-१२ चा (मधल्या तारेपासून दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट देणारा) १ अँपियरचा ट्रान्सफॉर्मर घेतला. बाजूच्या दोन्ही तारा ब्रिजला (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडना) दिल्या, मधली तार टेप मारून सोडून दिली. स्विच टाकला आणि गाणं लावायच्या आतच आयसी फुटली. सप्लायमधला २५ व्होल्टचा मोठा कंडेन्सरही (वीज साठवणारा डबा) फुगला. दुकानदार म्हणतो, आयसी डुप्लिकेट असेल. दुसरी आणू का?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : आणशील, पण आधी सप्लाय बदल. नाहीतर तीही तशीच जाईल. बाजारात नकली आयसी भरपूर आहेत हे खरं, पण तुझ्या फुगलेल्या कंडेन्सरनं वेगळीच साक्ष दिलीय.

मधली तार सोडून दोन टोकं घेतलीस म्हणजे २४ व्होल्ट एसी झाले. ब्रिजनंतरचा कंडेन्सर एसीच्या शिखरापर्यंत भरतो, म्हणजे १.४१ पट, ३४ व्होल्ट. डायोडचे दीड वजा केले तरी साडेबत्तीस उरले. हे झालं ट्रान्सफॉर्मरवर लोड असताना. मोकळा असला की छोटा ट्रान्सफॉर्मर छापलेल्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्तच देतो. त्यात आपल्याकडं शेतीपंप चालू असले की व्होल्टेज पडतं आणि बंद झाले की चढतं. २३० च्या भरवशावर कुणी राहू नये. लाइन २५० ला गेली की तुझ्या किटवर ३८-४० व्होल्ट सहज आले. टीडीए२०३० ची कमाल मर्यादा ३६, कंडेन्सरची २५. मग कोण टिकणार?

त्याच ट्रान्सफॉर्मरची मधली तार आणि एका बाजूची तार घेतलीस, तर कंडेन्सरवर १६ ते २० व्होल्ट येतील आणि किट चालेल. पण माझं ऐकशील तर नवख्यानं २३० व्होल्टच्या वायरिंगला हातच लावू नये. घरात किंवा भंगारात लॅपटॉपचा जुना १९ व्होल्टचा चार्जर मिळतो का बघ. तो बंद डब्यात असतो, शॉट (शॉर्ट सर्किट) झाला तर बहुतेक वेळा स्वतःच बंद पडतो. या आयसीला १२ पासून पुढं चालतं, म्हणून १९ अगदी बेताचे. ८ ओहमच्या स्पीकरवर चारेक वॉट निघतात. एका खोलीला पुष्कळ झाले. चार्जरवर ३ अँपियर लिहिलंय म्हणून घाबरू नको, आयसी लागेल तेवढाच करंट ओढते. मात्र काही चुकलं तर ते ३ अँपियर जाळायला पुरतात, म्हणून प्लसच्या तारेत १ अँपियरचा फ्यूज टाक. प्लगमध्ये प्लस कुठला हे मीटरनंच बघायचं, अंदाजानं नाही.

पहिल्यांदा स्पीकर न लावता चालू कर. आउटपुटच्या मोठ्या कंडेन्सरच्या प्लस पायावर सप्लायच्या निम्मे, म्हणजे साडेनऊच्या आसपास दिसायला हवेत. आयसीच्या पायावर मीटरची टोकं टेकवू नको. ४ नंबर आउटपुट आणि ५ नंबर प्लस अगदी शेजारी, टोक घसरलं की शॉट. हीटसिंकशिवाय (आयसीची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय) तर क्षणभरही चालवू नको.

पुढं कधी प्लस-मायनस असा दुहेरी सप्लाय केलास तर एक ध्यानात ठेव: या आयसीची पत्र्याची पाठ ३ नंबरच्या पायाला जोडलेली असते. एकेरी सप्लायमध्ये तो ग्राउंड असतो, म्हणून निभावतं. दुहेरीत तोच मायनस होतो आणि हीटसिंक कॅबिनेटला टेकला की सप्लाय शॉट. तिथं अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं बूच लागतंच.

प्रश्न : पाम८४०३ आयसीचा छोटा स्टिरिओ (दोन स्पीकरचा) अँप्लिफायर बोर्ड मोटारसायकलच्या बॅटरीवर चालेल का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : नाही. तो साडेपाच व्होल्टपर्यंतचाच आहे, १२ व्होल्ट दिले की गेला. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर लाव. आणि तारा वाचवायला दोन्ही स्पीकरचे मायनस एकत्र करू नको. या बोर्डात मायनसच्या टोकालाही आउटपुटच असतो, ग्राउंड नसतो.