‘सेव्हन्थ मरीन्स’ मराठीत कसे आणावेत?

प्रश्न विचारणाऱ्या बाई एका अमेरिकी कुटुंबाचा इतिहास मराठीत आणत आहेत. घरातली सून मराठी आहे आणि तो इतिहास तिच्या आईवडिलांना वाचता यावा एवढाच हेतू. घरातले आजोबा ‘करिअर मरीन’ होते आणि ‘सर्व्हिस रेकॉर्ड’प्रमाणे कोरियाच्या युद्धात ते ‘फर्स्ट बटालियन, सेव्हन्थ मरीन्स’मध्ये होते. बाईंचं मराठी वाक्य असं: ‘ते व्यावसायिक नौसैनिक होते आणि सेवा विक्रमानुसार सातव्या नौसेनेच्या पहिल्या तुकडीत होते.’ वाक्य वाचताना खटकतं, पण नेमकं कुठे ते सापडत नाही, असं त्यांनी लिहिलं आहे.

आधी ‘नौसैनिक’ काढून टाका. मरीन हा जहाजावरून जाऊन जमिनीवर लढणारा शिपाई. अमेरिकेत हे दल १० नोव्हेंबर १७७५ पासूनचं, आणि ते तिथल्या नौदल खात्याखाली येतं. शौर्यासाठी त्यांना ‘नेव्ही क्रॉस’ मिळतो तो त्यामुळेच, आणि घोटाळाही तिथूनच सुरू होतो. पण खातं एक असलं तरी माणसं वेगळी. मरीनच्या पलटणीत जखमींना पट्ट्या बांधणारा जो ‘कोअरमन’ असतो, तो खरा नौसैनिक. मरीनांचं स्वतःचं वैद्यकीय दल नाही. डॉक्टर, कोअरमन, पाद्री हे सगळे नौदलाकडून येतात. तेव्हा मरीनला नौसैनिक म्हणून बसलात, तर चार पानं पुढे त्याच खंदकात कोअरमन आल्यावर त्याला काय म्हणणार?

हा शब्द आपल्याला परका आहे असंही नाही. मुंबईचा रोजचा प्रवासी दिवसातून दोनदा तो उच्चारतो. मरीन लाइन्स स्टेशनाचं नाव तिथल्या ‘मरीन बटालियन लाइन्स’वरून पडलं. लाइन्स म्हणजे शिपायांच्या राहण्याच्या चाळी. ही मरीन बटालियन ईस्ट इंडिया कंपनीने १७७७ मध्ये उभी केली, आणि तिचे देशी शिपाई कंपनीच्या जहाजांवर जात. १८५७ मध्ये कटाच्या आरोपावरून दोन शिपायांना मुंबईत तोफेच्या तोंडी दिलं. ऑक्टोबरची १५ तारीख होती आणि जागा एस्प्लनेडची, आजच्या आझाद मैदानाची. त्या दोघांतला सय्यद हुसेन याच मरीन बटालियनचा होता. म्हणजे खलाशी वेगळा आणि जहाजावरचा लढवय्या शिपाई वेगळा, हा फरक मुंबईला दोन शतकांपूर्वीच माहीत होता. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: ‘मरीन’ हाच शब्द ठेवा. मराठी वृत्तपत्रांत ‘मरीन कमांडो’ येतात ते आपल्या नौदलाचे ‘मार्कोस’. ते नौदलाचेच लोक, संख्येने थोडे आणि खास कामगिरीसाठी निवडलेले. अमेरिकी मरीनांच्या हजारांच्या पायदळाशी त्यांची गल्लत नको, म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘अमेरिकी मरीन दल’ असं लिहा, पुढे नुसतं ‘मरीन’ पुरे.

आता ‘सेव्हन्थ मरीन्स’. इथे बाईंचा अर्थच बदलला आहे. सेव्हन्थ मरीन्स म्हणजे मरीन दलाची सातवी रेजिमेंट. ‘रेजिमेंट’ हा शब्द ते लोक बोलताना गाळतात, आणि परक्याची फसगत होते. एका रेजिमेंटमध्ये साधारण तीन बटालियन आणि एका बटालियनमध्ये हजाराच्या आतबाहेर माणसं. लिहिताना ते ‘एक तिरकी रेघ सात’ असं लिहितात, त्याचा अर्थ सातव्या रेजिमेंटची पहिली बटालियन.

ही उतरंड नीट ठेवली नाही तर काय होतं, ते लुइस पुलर यांच्या नोकरीवर नजर टाकली की कळतं. मरीनांच्या इतिहासातलं हे फार मोठं नाव, ‘चेस्टी’ पुलर. १९१८ मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. १९१९ मध्ये अधिकारी झाले, पण महायुद्ध संपून दल घटवलं जात होतं, म्हणून दहाबारा दिवसांतच घरी पाठवले गेले. मग पुन्हा कॉर्पोरल म्हणून आत आले, आणि कायमचा अधिकाराचा कागद मिळायला १९२४ उजाडलं. हैती, निकाराग्वा, चीन असं करत सप्टेंबर १९४२ मध्ये ते पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटावर पोचले, तेव्हा लेफ्टनंट कर्नल पुलर यांच्या हाताखाली होती सातव्या मरीन्सची पहिली बटालियन. २४ ऑक्टोबरच्या रात्री हेंडरसन विमानतळावर जपान्यांनी चढाई केली, ती याच बटालियनने अडवून धरली. दोन वर्षांनी, १९४४ मध्ये, पेलेलियू बेटावर कर्नल पुलर ‘फर्स्ट मरीन्स’चे प्रमुख होते, म्हणजे पहिल्या रेजिमेंटचे. आणि १९५१ मध्ये कोरियात ते ‘फर्स्ट मरीन डिव्हिजन’चे उपप्रमुख झाले. डिव्हिजन म्हणजे अनेक रेजिमेंट मिळून होते ती. आता तिन्ही ठिकाणी ‘पहिली नौसैनिक तुकडी’ लिहून पाहा. लेफ्टनंट कर्नलचा ब्रिगेडियर जनरल झाला आणि तरी माणूस जागचा हलला नाही, असं वाचकाला वाटेल. ‘तुकडी’ हा शब्द पाच माणसांनाही चालतो आणि पाच हजारांनाही. सैन्याच्या मजकुरात त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

त्यामुळे डिव्हिजन, रेजिमेंट, कंपनी, प्लाटून हे शब्द आहेत तसे घ्यावेत. बटालियनसाठी मात्र आपल्याकडे एक अस्सल शब्द आहे, पलटण. हा इंग्रजी ‘बटालियन’वरून आला की फ्रेंच ‘पेलोटाँ’वरून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण अर्थ ठरलेला आहे: पायदळाची बटालियन. ‘प्लाटून’ आणि ‘पलटण’ कानाला जवळचे वाटतात म्हणून पुष्कळ जण प्लाटूनला पलटण लिहितात. प्लाटून म्हणजे चाळीसेक माणसं, पलटण म्हणजे त्याच्या वीसेक पट. घरात ‘पोरांची पलटण आली’ म्हणतो तेव्हाही आपल्याला पोरं मोजता न येण्याइतकी झालीत असंच म्हणायचं असतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन स्वतःला ‘जंगी पलटण’ म्हणवते, तिची उभारणी १७६८ सालची.

तरीही ‘त्यांची पलटण’ लिहिताना मी क्षणभर थांबेन. साताऱ्याकडे माजी सैनिकाला विचारा, तो ‘मी अमुक पलटणचा’ असं सांगतो. सैन्यातलं सारं आयुष्य बहुधा एकाच पलटणीत जातं. मुलगाही त्याच पलटणीत गेला तर त्याचं वेगळं कौतुक होतं. अमेरिकी मरीनचं तसं नाही. तो दोनतीन वर्षांनी या बटालियनमधून त्या बटालियनमध्ये जातो, आणि विचारलंत तर सांगतो, ‘मी मरीन आहे.’ आपल्या जवानाची ओळख पलटणीशी बांधलेली, त्याची अख्ख्या दलाशी. म्हणून तुमच्या वाक्यात ‘त्यांची पलटण’ असं न लिहिता ‘कोरियाच्या युद्धात ते अमुक पलटणीत होते’ असा काळ जोडून लिहा. आजोबा पुढे आणखी तीनचार पलटणींत गेले असणार.

‘करिअर मरीन’ला ‘व्यावसायिक’ नको. त्यात पैसे घेऊन लढणाऱ्याचा वास येतो, शिवाय त्यातून मुद्दाच निसटतो. तिकडे बहुतेक जण चार वर्षांची मुदत पुरी करून घरी जातात. जो पेन्शनीपर्यंत राहतो तो करिअर मरीन. पुलर १९१८ ला आले आणि १९५५ ला निवृत्त झाले. आपल्याकडे गावात याला सरळ ‘पेन्शनीपर्यंत नोकरी केली’ म्हणतात. लेखी मराठीत ‘उभी हयात मरीन दलात काढली’ हे मला सगळ्यात जवळचं वाटतं.

राहिलं ‘रेकॉर्ड’. विक्रम हा क्रिकेटमधला. नोकरीचा कागद असेल तर सरकारी कचेरीतला ‘सेवापुस्तक’ हा शब्द आयताच आहे. माझ्या आजोळी पत्र्याच्या पेटीत एक ‘डिस्चार्ज बुक’ होतं, मेणकापडात गुंडाळलेलं. त्यात भरतीची तारीख, उंची, अंगावरच्या खुणा आणि वर्तणुकीचा शेरा. आजी ते वाचू शकत नव्हती, पण दर दिवाळीच्या साफसफाईत उघडून ऊन दाखवायची. अमेरिकेत ही सेवापुस्तकं सेंट लुइसला ठेवलेली असतात. १२ जुलै १९७३ ला तिथे मोठी आग लागली आणि भूदल व हवाई दलाच्या लाखो फायली जळाल्या. मरीनांच्या फायली त्यातून वाचल्या. त्यामुळे कुटुंबाकडे पूर्ण प्रत नसेल तर मागवायला सांगा, मिळण्याची आशा चांगली आहे.

आणि मिळाली, तर डिसेंबर १९५० चं पान आधी पाहा. त्या महिन्याच्या सुरुवातीला कोरियातल्या चोसिन जलाशयाजवळ उणे तीसच्या आसपासच्या थंडीत तिचे तेव्हाचे प्रमुख रेमंड डेव्हिस यांनी सातव्या मरीन्सची हीच पहिली पलटण रात्रभर बर्फातून, रस्ता सोडून, डोंगरावरून नेली. तोकतोंग खिंडीत याच रेजिमेंटच्या दोन नंबरच्या बटालियनची फॉक्स कंपनी पाच रात्री वेढ्यात लढत होती, तिला सोडवायला. आजोबा त्या वेळी पलटणीत असतील तर ते या वाटेने चालले असण्याची शक्यता मोठी. कृपा करून तिथे ‘कोल्हा कंपनी’ लिहू नका. ए, बी, सी ही कंपन्यांची अक्षरं तेव्हा वायरलेसवर एबल, बेकर, चार्ली, डॉग, ईझी, फॉक्स अशी उच्चारत. फॉक्स म्हणजे फक्त ‘एफ’.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘आजोबांनी उभी हयात अमेरिकी मरीन दलात काढली. त्यांच्या सेवापुस्तकातल्या नोंदीप्रमाणे कोरियाच्या युद्धात ते मरीनांच्या सातव्या रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत होते.’