रो-हाऊस की सिडकोतला फ्लॅट? घरफोडीच्या भीतीचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरहून एका वाचकाचं पत्र आलंय. स्वतः वाळूजच्या कंपनीत तीन शिफ्टमध्ये, पत्नी सिडकोतल्या शाळेत शिक्षिका, मुलगी आठवीत. दोघांचे मिळून महिन्याला ९६,००० हातात येतात, शिल्लक १८ लाख. बीड बायपासच्या पलीकडे एका नव्या वसाहतीतलं ४१ लाखांचं रो-हाऊस त्यांच्या मनात भरलंय. सिडकोत तेवढ्याच खोल्यांचा जुना फ्लॅट ५५ लाखांना मिळतोय. वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सहा महिन्यांत तीन घरफोड्यांचे मेसेज आले आणि पत्नीने रो-हाऊसला साफ नकार दिला. ते विचारतात, "नुसत्या भीतीपोटी १४ लाख जास्त घालायचे का?"

नमस्कार. आधी त्या तीन घटनांचा छडा लावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे इथे कामाचे नाहीत, ते अख्ख्या राज्याचे, शहराचे किंवा जिल्ह्याचे असतात. तुमच्या गल्लीचं त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केलेले एफआयआर पाहा. संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर ऑनलाइन टाकावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. आपलं पोलीस ठाणं निवडा, वर्षभराच्या चोऱ्या-घरफोड्या वाचून काढा. मग एका संध्याकाळी ठाण्यात जाऊन बीट अंमलदाराला, म्हणजे तुमच्या भागावर नेमलेल्या पोलिसाला, भेटा.

वाचताना एवढंच पाहा की घर बंद होतं की आत माणसं होती. आपल्याकडच्या बऱ्याच घरफोड्या ठरावीक वेळेच्या असतात: दिवाळीत, लग्नसराईत सगळे गावाकडे गेलेले, दाराला बाहेरून कुलूप, आणि कडी-कोयंडा तोडून कपाट साफ. उन्हाळ्यात दुसरा प्रकार. उकाड्याने सगळं घर गच्चीवर झोपतं, खालचं दार नुसतं ओढून घेतलेलं असतं आणि उशाला ठेवलेल्या पँटच्या खिशातल्या चाव्यांसकट सगळं जातं. दोन्हींवर पैशाने आणि सवयीने बराच इलाज करता येतो. माणसं घरात असताना रात्री दार फोडलं असेल, तर तो धोका वेगळा. त्याची किंमत मी रुपयांत मांडणार नाही, तुम्हीही मांडू नका.

आता आकडे. अडीअडचणीला ३ लाख बाजूला ठेवा, हातचे १५ लाख घाला. मुद्रांक शुल्क, नोंदणी वगैरे धरून फ्लॅटला साधारण ४४ लाखांचं कर्ज लागेल, रो-हाऊसला २९ लाखांचं. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली, तर हप्ते सुमारे ३८,२०० आणि २५,२०० होतात. महिन्याला १३,००० चा फरक, वीस वर्षांत ३१ लाखांच्या वर. ही रक्कम लहान नाही आणि तुम्हाला ती टोचते, हे बरोबरच आहे.

पण तुमच्याच पत्रात दुसरी बाजू आहे. रो-हाऊसला टँकरचे १,५००, मुलीच्या क्लासच्या रिक्षाचे २,०००, वहिनींच्या शाळेच्या पेट्रोलचे २,२००. म्हणजे खरा फरक ७,३०० वर येतो. शिवाय ग्रील, लोखंडी सेफ्टी दार, कॅमेरे हा एकरकमी खर्च वेगळाच.

विमा घेऊन मोकळे होऊ, असं तुम्ही लिहिलंय. इथे जरा थांबा. बँक कर्जासोबत बहुधा जी पॉलिसी गळ्यात घालते, ती आग, पूर, भूकंपासाठी असते. २०२१ पासूनच्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीतही चोरीचं संरक्षण मिळतं ते अशा आपत्तीनंतरच्या सात दिवसांतल्या चोरीपुरतं. घरफोडीचं कव्हर वेगळं मागावं लागतं, दागिन्यांची रक्कम त्यात वेगळी दाखवावी लागते आणि घर सलग किती दिवस बंद राहिलेलं चालतं, त्याचीही अट असते. दाव्याच्या वेळी जबरदस्तीने आत शिरल्याची खूण, एफआयआर आणि चोर सापडला नाही तर पोलिसांचा 'ए समरी' अहवाल लागतो. त्यात महिने जातात. सोन्याच्या बिलांची फाइल आजच करा.

लॉकरचंही तसंच. बँकेच्या इमारतीत चोरी झाली किंवा आग लागली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे भरपाईची मर्यादा वार्षिक भाड्याच्या शंभरपट. भाडं २,००० असेल तर २ लाख. तुमच्याकडे १५ तोळे आहेत. तरीही लॉकर घ्याच, घरातल्या गोदरेजच्या कपाटापेक्षा तो केव्हाही बरा.

माझं मत फ्लॅटकडे झुकतं आणि त्याचं कारण चोरीला जाणारा ऐवज नाही. तुमची तिसरी शिफ्ट असते, त्या रात्री वहिनी आणि मुलगी दोघीच घरात. शेजारची घरं तुम्हीच लिहिल्याप्रमाणे निम्मी रिकामी, कारण लोकांनी गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलीत. पथदिवे अजून लागलेले नाहीत. क्लासहून पोरगी आठ वाजता त्याच रस्त्याने यायची. वहिनींचा नकार मला भित्रेपणा वाटत नाही. त्या घरात एकटीने रात्र काढायची आहे ती त्यांना, आणि सातेक हजारांच्या बचतीसाठी त्यांनी वर्षानुवर्षं टक्क जागं राहावं, हे मला पटत नाही. हप्ता पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या आत बसतो, म्हणजे ओढाताण होईल पण घर चालेल. यापेक्षा जास्त हप्ता होत असता तर मी सिडकोतच भाड्याने राहा म्हटलं असतं.

तुम्हाला कायमची जनरल शिफ्ट मिळणार असेल आणि एफआयआरमध्ये फक्त बंद घरं निघाली, तर रो-हाऊसचा विचार पुन्हा करता येईल. वसाहत भरली की रस्त्याला वर्दळ येते, दिवे येतात. मात्र लेआउट मंजूर आहे की गुंठेवारीतला (मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या प्लॉटचा), हे आधी बघा. गुंठेवारी नियमित झालेली नसेल तर कर्जालाही अडचण आणि दिव्यांनाही.

फ्लॅटही डोळे झाकून घेऊ नका. सिडकोची मिळकत लीजवर (भाडेपट्ट्याने) आहे की फ्रीहोल्ड (मालकीची) झालीये, हस्तांतराची एनओसी (ना हरकत) कोण आणणार, सोसायटीची थकबाकी किती, हे लेखी घ्या. जुनी इमारत आहे, तेव्हा स्लॅबची गळती एखाद्या इंजिनिअरला दाखवा आणि दुरुस्तीचा खर्च किमतीतून कमी करून मागा. दीड-दोन लाख सुटले तरी हप्त्याला हातभार लागेल. रो-हाऊसवाला ५१,००० चा इसार मागतोय, तो तूर्त देऊ नका. दिला असेल तर इसार पावतीवर परतीची अट आणि तारीख आहे का, ते आज रात्रीच काढून बघा.