पटाशीची मूठ चिरते? आधी शेंबी बघ

नवी मूठ तीन महिन्यांत चिरली म्हणतोस, तर दोष बहुधा लाकडाचा नाही. पटाशीची शेपटी, म्हणजे पात्याचं मुठीत जाणारं निमुळतं टोक, पाचरीसारखी आत घुसते. मोगरीच्या प्रत्येक ठोक्याला लाकूड उभं फाकवायला बघते. ते आवळून धरायचं काम शेंबीचं, म्हणजे मुठीच्या त्या टोकावरच्या धातूच्या कड्याचं. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं असतं ना, त्याच जातीची ही.

विकतची नकोच. भंगारातून पितळी नळी आण, १५ मिमीचा तुकडा हॅकसॉने काप आणि आतल्या कडेची धार कानशीने मार. ती राहिली तर चढवताना लाकूड सोलून निघतं आणि शेंबी पहिल्या दिवसापासून ढिली.

लाकूड मात्र कोरडंच हवं. मी एकदा जुलैत बाभळीची मूठ मस्त घट्ट बसवली. मार्चमध्ये शेंबी बोटाने फिरायला लागली! मूठ नळीच्या आतल्या मापापेक्षा केसभर जाड ठेव, टोकाला थोडा उतार दे आणि शेंबी गरम करून एका दमात ठोक. पितळ निवलं की आवळतं. शेपटीचं भोक त्यानंतर पाड. मूठ पाण्यात भिजवून घट्ट करायची युक्ती कुणीतरी सांगेलच. सुकल्यावर ती पहिल्यापेक्षा ढिली होते.