टप्पा की अवस्था?

नांदेडच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय. हिवतापाच्या परजीवीवरच्या लेखात तिनं 'जीवनचक्राच्या वेगवेगळ्या टप्प्यांत जनुकांचं काम' असं लिहिलं होतं. सरांनी 'टप्प्यांत' खोडून 'अवस्थांत' केलं. तिला ते खटकलं, कारण घरी हा शब्द तिनं 'काय अवस्था झाली लेकराची!' असाच ऐकलेला.

खटकणं साहजिक आहे, पण बरोबर सरांचंच. टप्पा असतो वाटेचा. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यानं मोजतात. टप्पे कितीही गेले तरी गाडी तीच. अवस्था असते अंगाची. बोंडअळीच्या अंडी, अळी, कोष, पतंग या चार अवस्था आपल्याकडच्या कापूसवाल्यांना तोंडपाठ असतात. तिथं त्या शब्दाला दुर्दशेचा वासही येत नाही.

परजीवीही असाच रूपं पालटतो. डासाच्या लाळेतून बारीक, लांबट स्पोरोझोइट (परजीवीचं पहिलं रूप) अंगात शिरून यकृतात जातात. तिथं एकाचे हजारो होऊन ते तांबड्या पेशींत घुसतात. त्यातले काही नर-मादी होतात, चावणाऱ्या डासाच्या पोटात पोचतात, आणि जठराच्या भिंतीवर कोष धरतो; त्यातच नवे स्पोरोझोइट घडतात. (हिवताप डासांतून पसरतो हे शोधणाऱ्या डॉक्टर रोनाल्ड रॉसना हाच कोष २० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादेत दिसला. तेव्हा आपला मराठवाडाही त्याच निजामाच्या राज्यात होता.)

आता जनुकाकडे येऊ. उंदरांना होणाऱ्या हिवतापाच्या परजीवीत, स्पोरोझोइटच्या अंगभर असणाऱ्या मुख्य प्रथिनाचं जनुक १९९७ साली निकामी केलं गेलं. उंदराच्या रक्तात परजीवी नेहमीसारखा वाढला. डासात कोषही धरले, पण त्यांत स्पोरोझोइट काही घडले नाहीत. जनुक सगळ्या प्रवासभर निकामीच होतं, उणीव दिसली ती एका रूपाच्या घडणीत. हे सांगायला 'अवस्था' हाच शब्द हवा. म्हणून तर संशोधक एकाच रूपात तपासून थांबत नाहीत. रक्तातल्या परजीवीत प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. तिथं अत्यावश्यक जनुक निकामी केलं तर तो मरतो आणि पुढचं काहीच कळत नाही. अशा वेळी जनुक हव्या त्या अवस्थेत बंद पाडण्याची सोय आधीच करून ठेवतात.

'टप्पा' मात्र टाकून देऊ नकोस. 'यकृतातला टप्पा', 'डासातला टप्पा' हे चांगलं मराठी आहे, तिथं आपण मुक्कामाबद्दल बोलतो. तुझं वाक्य मी असं लिहीन: 'हिवतापाच्या परजीवीच्या कोणत्या अवस्थेत कोणतं जनुक काय करतं.'